संगणक मोडीत निघाला, त्यातील दफ्तराचे काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सरकारी कामकाज कागदावरून संगणकावर नेण्याचे काम गोव्यात गेली काही वर्षे चालू आहे आणि त्याविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात मी नियमित वाचतो. उतारे घरबसल्या मिळू लागले, अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे ते कळू लागले, पणजीला घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे. मी एकतीस वर्षे सरकारी नोकरीत काढली, त्यांतील नऊ वर्षे दफ्तरखान्यात गेली, म्हणूनच एक प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. संगणकात गेलेला कागद वीस, तीस, पन्नास वर्षांनी कोणी मागितला, तर तो काढून देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या स्वतःच्याच दाराशी आला.

आमचे घर मुंडकारी हक्कातले, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहण्याच्या कायदेशीर हक्काचे. वडिलांची मुंडकार म्हणून नोंद करण्याविषयीचा मामलेदारांचा आदेश 1979 सालचा आहे. पुढे घराच्या हद्दीवरून वाद निघाला तेव्हा 2008 मध्ये जागेची पाहणी आणि मोजणी झाली, नकाशा तयार झाला आणि शेजारच्या तिघा वडीलधाऱ्यांचे जबाब मराठीत नोंदवले गेले. आदेश आणि पाहणीचे कागद या दोन्हींच्या प्रमाणित प्रती हव्यात म्हणून मी संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज केला. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण तेथल्या कोणा एका माणसाला दोष द्यावा असे काही घडले नाही.

1979 चा आदेश अर्ध्या तासात हाती आला. लाल कापडाचा बस्ता, त्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्ष आणि प्रकरण क्रमांक. आत फाईल आणि फाईलीच्या पहिल्याच पानावर अनुक्रमणिका. कडेला वाळवीने दोन ठिकाणी कुरतडले होते, पण पृष्ठांक, सही, शिक्का सगळे जागच्या जागी होते. ज्या कारकुनाने तो बस्ता बांधला तो मला माहीत नाही, पण सेहेचाळीस वर्षांनी एक अनोळखी माणूस हा कागद मागायला येईल हे त्याने गृहीत धरले होते.

2008 ची फाईलही सापडली. तिच्यात ‘मोजणीचा नकाशा व जबाब सीडीवर सोबत जोडले आहेत’ एवढी टिपणी होती आणि शेवटच्या पानाला प्लास्टिकच्या पाकिटातली एक सीडी टाचलेली होती. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने तिच्यावर बुरशीचा करडा डाग पसरला होता. कार्यालयातल्या एकाही संगणकाला सीडी घालण्याची सोय उरली नव्हती. तेथील एका तरुण लिपिक मुलीने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, सीडी मऊ फडक्याने पुसली आणि लावून पाहिली. दोन फायली दिसल्या. नकाशा ज्या सॉफ्टवेअरवर काढला होता ते आता कार्यालयात नाही, त्यामुळे ती फाईल उघडलीच नाही. जबाबांची फाईल उघडली, पण ती युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या कुठल्याशा फॉन्टमध्ये टंकलेली असल्याने पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हांच्या रांगा आल्या. जबाब देणाऱ्या तिघांपैकी दोघे आज हयात नाहीत.

मग ज्या संगणकावर हे काम झाले होते त्याचा शोध घेतला. तो 2015 मध्ये निर्लेखित झाला होता, म्हणजे निकामी ठरवून सरकारी वहीतून वजा केला गेला होता, आणि त्या निर्लेखनाची फाईल मात्र ताबडतोब मिळाली. खरेदीची किंमत, वापराची वर्षे, पडद्याचा आणि कळफलकाचा अनुक्रमांक, समितीच्या तिघा सदस्यांच्या सह्या, लिलावातून आलेली रक्कम सरकारजमा केल्याचे चलन, सर्व काही नियमाप्रमाणे होते. त्या संगणकात कोणत्या प्रकरणांचे कागद होते, ते दुसरीकडे उतरवून घेतले का, घेतले असल्यास ते उघडतात की नाही हे कोणी तपासले, याविषयी त्या फाईलीत एक ओळही नव्हती, आणि तशी ओळ लिहिली पाहिजे असा नियम असल्याचे तेथे कोणालाही ठाऊक नव्हते. संगणक डेड स्टॉकच्या, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या, वहीत वस्तू म्हणून चढला आणि वस्तू म्हणूनच उतरला. त्याच्यातले दफ्तर कोणत्याही वहीत कधी चढलेच नव्हते.

माझी सारी तक्रार या एका गोष्टीभोवती आहे. हवी तर नव्याने मोजणी करून देतो, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. पण नवी मोजणी आजची जागा दाखवील. आमच्या घराच्या पश्चिमेला तेव्हा असलेला आणि नंतर पाडला गेलेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, ती दाखवणार नाही, आणि वाद तर त्या गडग्याचाच आहे.

कायद्याला या विषयाची जाण नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने अभिलेखाची, म्हणजे जपून ठेवायच्या सरकारी दफ्तराची, जी व्याख्या केली तिच्यात हस्तलिखिते, फायली आणि मायक्रोफिल्म यांच्या जोडीला संगणकाने निर्माण केलेले साहित्यही तेव्हाच घातले होते. अभिलेख निर्माण करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने आपल्या एका अधिकाऱ्याला अभिलेख अधिकारी म्हणून नेमावे आणि विहित रीतीखेरीज कोणताही अभिलेख नष्ट करू नये, असे हा कायदा सांगतो. तसे नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. हा कायदा केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांच्या दफ्तरांसाठी आहे, आणि गोवा 30 मे 1987 रोजी घटक राज्य झाल्यामुळे आपल्या राज्य सरकारची खाती त्याच्या कक्षेत येत नाहीत. शेजारच्या महाराष्ट्राने 2005 मध्ये स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदा केला. केंद्राच्या कायद्यातील अभिलेख अधिकाऱ्याची कल्पना आपल्या प्रत्येक खात्याने आणि महामंडळाने आज उचलली तरी तिला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 तर राज्यांनाही लागू आहे. त्याच्या सातव्या कलमाने इलेक्ट्रॉनिक रूपात अभिलेख जपण्याला मान्यता देताना तीन अटी घातल्या आहेत. त्यातील माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. अभिलेख मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे. आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी पाठवला वा मिळाला, हे त्यावरून ओळखता आले पाहिजे. माझ्या फाईलीला टाचलेली सीडी पहिल्याच अटीला उतरत नाही. अशा सीड्या, पेन ड्राइव्ह आणि जुने हार्ड डिस्क आपल्या कचेऱ्यांच्या कपाटांत किती असतील याची मोजदाद कोणी करील तर ते मोठे काम होईल.

माहितीच्या अधिकाराबाबत तर गोमंतकीयांना अभिमान वाटावा असा इतिहास आहे. केंद्राचा कायदा 2005 मध्ये आला, पण गोव्याने आपला माहिती अधिकार कायदा 1997 मध्येच केला होता. केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणाने सर्व अभिलेख सूचिबद्ध आणि अनुक्रमित करून ठेवावेत, आणि जे संगणकीकृत करण्याजोगे असतील ते वाजवी मुदतीत संगणकीकृत करावेत, असे म्हटले आहे. या वाक्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सूची, आधी अनुक्रम, मग संगणक. आपण बहुतेक ठिकाणी पहिले अर्धे ओलांडून थेट दुसऱ्या अर्ध्याकडे गेलो. त्यामुळे तीस दिवसांच्या मुदतीत ‘अभिलेख सापडत नाही’ असे उत्तर येते. एके काळी कार्यालयात असलेली माहिती आता सापडत नाही एवढे सांगून प्राधिकरणाला सुटता येणार नाही, तिचा कसून शोध घ्यावा लागेल आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. पण ज्या दफ्तराला राखणदारच नेमलेला नाही त्याची जबाबदारी चौकशीनंतर तरी कोणावर ठरणार?

स्कॅनिंग म्हणजे अभिलेख जपणे, हा समज मला सर्वांत अधिक घातक वाटतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या दफ्तरखान्यातील फायली स्कॅन करायला माणसे आली. मोबदला पानांच्या हिशेबाने होता, त्यामुळे काम झपाट्याने झाले. कारकुनी करणाऱ्याला माहीत असते की फाईलीला दोन बाजू असतात, टिपणीची एक आणि पत्रव्यवहाराची दुसरी, आणि निर्णय का झाला हे टिपणीच्या बाजूला समजते. स्कॅन करताना दोन्ही बाजू एका गठ्ठ्यात मिसळल्या. पानाच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहिलेले शेरे सुटले, घडी घालून लावलेल्या नकाशांची घडी कित्येक ठिकाणी उलगडलीच गेली नाही, आणि तयार झालेल्या फायलींना ‘स्कॅन एक’, ‘स्कॅन दोन’ अशी नावे पडली. प्रकरण क्रमांक, गाव, सर्वे नंबर, पक्षकार, आदेशाची तारीख, फाईल किती वर्षे ठेवायची, यांपैकी काहीही त्या नावासोबत नोंदलेले नव्हते. अशा ढिगातून 1979 चा आदेश अर्ध्या तासात निघाला नसता. त्यातच स्कॅन झाले म्हणून मूळ कागद काढून टाकण्याची घाई कोणी केली, तर दोन्हीकडून हात रिकामे.

ज्या भूमीत दफ्तर जपण्याची इतकी जुनी परंपरा आहे तेथे हे घडावे याचे मला विशेष दुःख होते. गोव्यातील दफ्तरखान्याची स्थापना 1595 मध्ये झाली आणि त्याचा पहिला राखणदार म्हणून दियोगु दो कोतो या इतिहासकाराची नेमणूक झाली. पोर्तुगालहून येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रव्यवहाराच्या ‘मोन्सोंइश दु रेइनु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्या आज पणजीच्या पुराभिलेख खात्यात अभ्यासकांना मिळतात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दफ्तरखान्यात हयात वेचली आणि तेथल्या कागदांतून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला. वाळवी, कसर, दमट हवा, राज्यबदल या सर्वांतून ते कागद टिकले, कारण प्रत्येक पिढीत त्यांचा कोणीतरी नेमलेला सांभाळकर्ता होता. मोडी वाचणारी आणि जुनी पोर्तुगीज लिखावट लागणारी माणसे आता थोडी आहेत, तरी ती विद्या शिकता येते, शिकवता येते. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला नकाशा भिंगाखाली धरून कोणत्याही पंडिताला वाचता येणार नाही.

दफ्तर नुसते टिकून भागत नाही, ते अस्सल राहिले पाहिजे, याची किंमत तर गोव्याने नुकतीच मोजली आहे. खोट्या दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा एक सदस्यीय आयोग नेमावा लागला. कागदावर केलेली खाडाखोड निदान डोळ्यांना दिसते. शाईचा रंग, कागदाचे वय, टंकाचा ठसा तज्ज्ञ तपासू शकतात. संगणकातील नोंद बदलली तर पडद्यावर काही वेगळे दिसत नाही. नोंद कोणी उघडली, कोणी बदलली, आधी काय होते, हे सांगणारा मागोवा यंत्रणेनेच आपोआप ठेवला तरच बदल कळतो. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशा मागोव्याच्या नोंदी (लॉग) ठेवण्याची किमान मुदत 180 दिवस आहे. सायबर हल्ल्याच्या तपासाला ती पुरेशी असेल, पण जमिनीची फसवणूक वारसांच्या ध्यानात यायला कधी कधी वीस वर्षे जातात. उताऱ्याच्या नोंदीतील प्रत्येक फेरबदलाचा मागोवा त्या उताऱ्याइतकाच कायम राहिला पाहिजे.

न्यायालयात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तर अभिलेखाचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे त्या फाईलीच्या अंगठ्याचा ठसाच समजा. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा बदलतो. या प्रमाणपत्रावर संगणकाचा ताबा असणाऱ्याने आणि तज्ज्ञाने सही करायची असते. जो संगणक दहा वर्षांपूर्वी लिलावात गेला, त्याचा ताबा आज कोणाकडे आहे असे म्हणायचे?

डिजिटल सहीचेही तसेच आहे. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते. सही करतानाच विश्वासार्ह कालमुद्रा, म्हणजे सहीची तारीख-वेळ सिद्ध करणारी खूण, लावली नाही, तर पुढे ती सही त्या वेळी वैध होती हे दाखवणे कठीण होते. डाउनलोड केलेल्या दाखल्यावर सहीची खातरजमा झाली नसल्याचे पिवळे प्रश्नचिन्ह पाहून बँकेतला माणूस दाखला परत करतो, हा अनुभव अनेक वाचकांना असेल.

एके ठिकाणी ठेवलेला साठा कितीही आधुनिक असला तरी तो एकच साठा. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली जळाल्या, तेव्हा सर्वांनी कागदाला दोष दिला. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कामे साठवलेला 858 टेराबाइटचा साठा दुसरी प्रत नसल्यामुळे नष्ट झाला. तंत्रज्ञानात इतक्या पुढे गेलेल्या देशात हे घडले. प्रती निदान दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, यात काटकसर करता येत नाही. त्याचबरोबर त्या प्रतींवरून सारे परत उभे करता येते का, याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही ती आहे असे मानण्यात अर्थ नाही.

निर्णयांचा बराच भाग आता ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर होतो. अधिकारी खासगी ईमेलवरून सूचना देतो, त्याची बदली होते, आणि सूचना त्याच्याबरोबर जाते. ईमेल पत्ता व्यक्तीच्या नावाने न ठेवता पदाच्या नावाने ठेवावा, आणि मोबाईलवर दिलेला आदेश ठरावीक दिवसांत ई-फाईलीत टिपणी म्हणून नोंदवावा, हे सांगायला नवा कायदा लागत नाही, खातेप्रमुखाचे एक परिपत्रक पुरते.

माझी सरकारकडे मुख्य मागणी एकच आहे. प्रत्येक खात्यात, महामंडळात आणि नगरपालिकेत एका अधिकाऱ्याला नावानिशी अभिलेख अधिकारी नेमावे, आणि कोणताही संगणक, सर्व्हर किंवा साठवणुकीचे साधन निर्लेखित करण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र बंधनकारक करावे. त्यातील अभिलेखांची यादी केली, ते दुसरीकडे उतरवले, उतरवलेली प्रत उघडून पाहिली, आणि मगच मूळ साधन पुसले, असे त्या प्रमाणपत्रात असावे. राज्यातील 191 ग्रामपंचायतींना स्वतंत्र अधिकारी देणे शक्य नसेल, तर पंचायत संचालनालयाने तालुक्यागणिक एक माणूस द्यावा, कारण घरांच्या नोंदी, बांधकाम परवाने आणि ग्रामसभांचे ठराव तेथेच जन्म घेतात आणि पंचायत सचिव बदलला की सर्वांत आधी तेच हरवतात.

पूर्वी फाईल बंद करताना ती किती वर्षे ठेवायची हे वेष्टनावर लिहावे लागे. नव्या यंत्रणेत तोच प्रश्न फाईल उघडतानाच विचारला जावा आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. कायम ठेवायचे कागद पीडीएफ-ए सारख्या खुल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्वरूपात उतरवावेत, आणि मराठी व कोकणी मजकूर युनिकोडमध्येच असावा. राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय वापरात स्थान दिले आहे, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले मराठी कागद युनिकोडमध्ये आणण्याची जबाबदारीही शासनाचीच ठरते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार करताना, करार संपल्यावर सर्व नोंदी सरकारला वाचता येतील अशा रूपात परत मिळतील, ही अट आधीच लिहून घ्यावी. नंतर मागायला गेल्यास ती मिळत नाही. आणि यंत्रणा उभारतानाच पुराभिलेख खात्याची माणसे टेबलाशी असावीत. जुने झाल्यावर कागद त्यांच्याकडे पाठवू, ही रीत संगणकाच्या बाबतीत चालत नाही, कारण तोवर वाचायला काही उरत नाही.

आर्थिक वर्ष संपत आले की कार्यालयांत निर्लेखनाच्या याद्या तयार होतात. या वर्षीच्या याद्यांतही जुने संगणक असतीलच, आणि त्यांतल्या एखाद्यात कोणाच्या तरी गडग्याचा नकाशा असेल. मुख्य सचिवांनी त्या याद्यांवर सह्या होण्यापूर्वी एक परिपत्रक काढून त्या थांबवाव्यात आणि प्रत्येक संगणकात काय आहे ते आधी पाहून घ्यायला सांगावे, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून
फोंडा, गोवा